खोट बैलात की घेणाऱ्यात?

मध्यंतरी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन पुतण्यांची चांगलीच जुंपली होती. विषय पृथ्वी शॉ. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात ७५ लाख या मूळ किमतीलाही त्याला कुणी घेतलं नव्हतं. डिसेंबर २०२५ च्या लिलावात त्याच किमतीत दिल्लीने त्याला परत घेतलं. त्यावर एका पुतण्याने लिहिलं, "वाया गेलेला माल, स्वस्तात उचलला." खाली नऊ जणांची हसरी तोंडं.

मी ग्रुपवर सहसा लिहीत नाही. मोबाईलवर बोटं चालत नाहीत आणि तोवर विषय बदललेला असतो. पण तो 'माल' शब्द काही डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. पुतण्यांनी राग मानू नये. मानला तरी काकांचा इलाज नाही.

माझे वडील शेतकरी. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बैलबाजारात जात असे. गिऱ्हाईक बैलाचे दात मोजायचं, वशिंडावरून हात फिरवायचं, चार पावलं चालवून बघायचं. मग रुमालाखाली हात घालून बोटं दाबत सौदा व्हायचा. एका वर्षी वडिलांनी घेतलेला बैल औताला जुंपला की मटकन खाली बसायचा. गल्लीत महिनाभर हसू झालं. पण हसू कुणाचं? वडिलांचं. बैलाला कुणी नाव ठेवलं नाही. वडील स्वतःच म्हणायचे, "बैलनी काय चूक? मनाच डोया चुकनात."

आता क्रिकेटच्या लिलावाकडे पाहा. मोठमोठे पारखी टेबलाभोवती बसतात, समोर संगणक, आकडेमोड, सल्लागार. बोली लावतात ते, खरेदी करतात ते. आणि सौदा फसला की हसू कुणाचं होतं? पोराचं! अडाणी म्हणवणाऱ्या आमच्या बैलबाजाराला जो न्याय कळत होता, तो या कोटींच्या बाजाराला कळत नाही, आणि घरी खुर्चीत बसून बघणाऱ्या आपल्याला तर मुळीच कळत नाही. (पोरांना बैलांच्या ओळीत बसवलं म्हणून मला बोल लावू नका. लिलाव मी मांडलेला नाही.)

या मुलाचा हिशोब जरा नीट मांडू. २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. २०१८ च्या सुरुवातीला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी लिलावात त्याच्यावर १ कोटी २० लाखांची बोली लागली, आणि ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या. लगेच प्रशिक्षक रवी शास्त्रींना त्याच्यात थोडा सचिन, थोडा सेहवाग आणि थोडा लारा दिसला. अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर तीन देव बसवले आणि म्हणालो, आता पळ!

त्याने कधी म्हटलं होतं का, की मी सचिन होऊन दाखवतो? करार आपण केला, सही आपण केली, आणि मोडला म्हणून फिर्यादही आपणच लावली.

इथे पुतण्या म्हणेल, "काका, त्याची शिस्त बिघडली, वजन वाढलं, २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत सापडून आठ महिन्यांची बंदी आली, त्याचं काय?" बरोबर आहे. खोकल्याच्या औषधातून ते द्रव्य शरीरात गेलं असलं, तरी व्यावसायिक खेळाडूने विचारूनच औषध घ्यायला हवं. त्याची फलंदाजी, त्याचा व्यायाम, त्याची वागणूक यांवर जरूर टीका करा. मी जन्मभर वह्या तपासल्या आहेत, लाल शाईला माझा विरोध नाही. पण लाल शाई उत्तरावर चालवायची असते, मुलाच्या कपाळावर नाही. "पाय हलत नाहीत" ही टीका झाली. "वाया गेला" हा निकाल झाला, आणि तो द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हा वाया गेलेला मुलगा २०२३ मध्ये आसामविरुद्ध रणजीत ३७९ धावा करून गेला, आणि मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध २२२. हे ग्रुपवर कुणी टाकलं नाही.

दुसरा मुद्दा ठरलेला, "कोटी घेतात ना? मग ऐकून घ्यावं." अरे, कोटी दिले संघाच्या मालकाने. तू काय दिलंस? तुझा तर दर महिन्याचा इंटरनेटचा रिचार्जही मुलगा करतो!

हे खूळ आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने सांगितलं, तिकडे हातात धरून पळायचा जो फुटबॉल आहे, त्यात कॉलेजातली मुलं संघांना वाटून देतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात सगळ्यात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड. म्हणजे वर्गातला सर्वांत हुशार मुलगा सर्वांत पडक्या शाळेत पाठवायचा आणि वर्षअखेर विचारायचं, निकाल का नाही लागला? १९९८ मध्ये पहिला निवडला गेला पेटन मॅनिंग, दुसरा रायन लीफ. दोघांत सरस कोण, यावर तेव्हा वाद झडले होते. मॅनिंग मोठा झाला, लीफ काही वर्षांतच खेळाबाहेर गेला, आणि फसलेल्या निवडीचं उदाहरण म्हणून त्याचं नाव आजही घेतात. उलट २००० साली टॉम ब्रॅडी हा १९९ वा निवडला गेला आणि पुढे सात वेळा त्यांचं अजिंक्यपद जिंकला. त्याच्या आधी १९८ नावं घेणाऱ्यांना कुणी वाया गेलेले म्हणतं का?

आपल्या कल्याणचा प्रणव धनावडे आठवा. जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९. सगळ्या जगात बातमी झाली. वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, चांगलंच केलं. पण पुढे धावा होईनात, तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनीच शिष्यवृत्ती थांबवा असं कळवलं. ही बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला. एका डावासाठी पोराला डोक्यावर घेणाऱ्या आपल्यापैकी कुणाला त्या माणसाच्या मनावरचं ओझं दिसलं होतं?

आणि अमोल मुजुमदार. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात २६०, सगळे म्हणाले हा भारताकडून खेळणार. तो कधीच खेळला नाही. आपल्या भाषेत तोही 'वाया गेलेला'. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक कोण होता?

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर हे सगळं पुतण्यांना दिलेलं व्याख्यान ठरेल.

बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची त्या काळातली गोष्ट. माझ्या वर्गात जिनिंगवर हमाली करणाऱ्याचा मुलगा होता. निबंध असा लिहायचा की मी इतर वर्गांत वाचून दाखवायचो. एकदा प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मी जाहीर केलं, "हा बोर्डात येणार." त्याला विचारलं नव्हतं. निकाल लागला, ७४ टक्के. त्या काळी, त्या घरात, ७४ टक्के म्हणजे दिवाळी होती. पण मला वाटलं, माझं नाक कापलं गेलं. दरवर्षी निकालाच्या दिवशी मी मुलांच्या घरी जात असे. त्याच्या घरी गेलो नाही.

काही वर्षांपूर्वी पारोळ्याच्या बस स्टँडवर एक गृहस्थ पाया पडला. तोच. मोटार वाइंडिंगचं स्वतःचं दुकान आहे, दोन मुली शिकताहेत. चहा झाला. निघताना म्हणाला, "सर, त्या दिवशी आईने तुमच्यासाठी पेढे बाजूला काढून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी आम्हीच खाल्ले."

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

असो. वैभव सूर्यवंशी नावाचा बिहारचा मुलगा तेराव्या वर्षी १ कोटी १० लाखांना विकला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. ग्रुपवर आतापासूनच त्याचा नवा सचिन झाला आहे. माझं एवढंच मागणं आहे, त्याचा खेळ मनसोक्त बघा, टाळ्या वाजवा, चुकला तर चुकला म्हणा. पण त्याच्या नावावर आपली बोली लावू नका. आणि लावलीच, तर सौदा फसल्यावर माझ्या वडिलांसारखं म्हणायची तयारी ठेवा.

पुतण्यांनो, उत्तर ग्रुपवर नको, घरी येऊन द्या. पेढे मी आणून ठेवतो.