शिफा अल्लाहची, दावा दुकानदाराचा

माझ्या मामूंनी रमजानच्या आधी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक जण टेबल मांडून बसला होता. कलौंजीचं तेल, शिवाय लसूण, आलं, लिंबू, सिरका आणि मध यांचा काढा. बाटलीवर हिरव्या अक्षरांत 'सुन्नती इलाज'. किंमत साडेसहाशे. मामूंच्या गोळ्यांना महिन्याला याहून कमी पैसे लागत.

चार महिन्यांनी रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, ९२ वरून १६४ वर गेलं होतं. मामू म्हणाले, "बेटा, माझं यकीनच कमी पडलं असेल."

मला राग आला. मामूंचा नाही, त्यांना हे शिकवणाऱ्याचा. माल चालला तर बाटलीची करामत, नाही चालला तर गिऱ्हाइकाचं ईमान कच्चं! असला धंदा कधी तोट्यात जाईल का?

आता शिक्षक म्हणून एक गोष्ट कबूल करतो. एकट्या मामूंचा रिपोर्ट हा पुरावा नाही. पण मग 'अमक्याचे ब्लॉकेज काढ्याने गेले' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा किस्साही पुरावा नाही. पुरावा कसा मिळतो? बरीच माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडायचे. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला औषध नसलेली नुसती गोळी. मग सगळ्यांचं रक्त तपासायचं.

अमेरिकेत हे झालं आहे. २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सुमारे १९० जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना रोसुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची छोटी गोळी दिली, काहींना नुसती गोळी. बाकीच्यांना लसूण, हळद, दालचिनी, वनस्पतींतले स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ आणि माशाचं तेल यांपैकी एकेक. २८ दिवसांनी स्टॅटिनच्या गटाचं एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. बाकी कुठलीही पूरक गोळी नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलं.

तुम्ही म्हणाल, या अभ्यासाला पैसे स्टॅटिन विकणाऱ्या कंपनीने दिले होते. बरोबर, दिले होते. २८ दिवस कमी आहेत, हेही मान्य. म्हणून दुसरा अभ्यास बघा. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या दिल्या. पैसे सरकारी संस्थेचे होते. एलडीएल हललं नाही. आपल्या गुग्गुळाचीही २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे परीक्षा झाली. एलडीएल उतरण्याऐवजी चढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

याचा अर्थ झाडपाला सगळा खोटा, असा नाही. इसबगोल अशाच परीक्षांत पास झालं आहे, त्याने एलडीएल थोडं उतरतं. स्टॅटिनचा शोधसुद्धा बुरशीतून लागला. कलौंजीवरच्या काही छोट्या अभ्यासांत थोडा फरक दिसला आहे, मोठे अभ्यास व्हायला हवेत. पण 'थोडा फरक दिसला' आणि 'गोळी फेकून द्या' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

"मग हदीस मानत नाही का?" असं मला विचारलं गेलं. मानतो. कलौंजीत शिफा असल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. पण रोज किती चमचे, कोणत्या आजारावर, डॉक्टरची गोळी सोडून, साडेसहाशेला, हे हदीसमध्ये नाही. ते दुकानदाराने आपल्या पदरचं जोडलं आहे. रसूलुल्लाहच्या नावावर आपलं वाक्य खपवणं किती मोठा गुन्हा आहे, हे आपल्याला मदरशात लहानपणीच शिकवतात. मग बाटलीवर ते खपवलेलं कसं चालतं?

आणि पारखून घेणं ही काही परक्यांची रीत नाही. हजार वर्षांपूर्वी अर-राझीने मेंदूच्या सुजेच्या रोग्यांपैकी काहींचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही, फरक कळावा म्हणून. इब्न सीनाने औषध पारखण्याचे नियम लिहिले. घोड्यावर किंवा सिंहावर गुण आला म्हणून माणसावर येईलच असं नाही, म्हणून माणसावरच तपासा, असं त्याने बजावलं. त्यांची नावं आपण जलशांत छाती फुगवून घेतो आणि त्यांची पद्धत मशिदीच्या दारातच सोडून येतो.

मशिदीच्या ट्रस्टींना माझं एकच सांगणं आहे. दारात टेबल मांडू देण्याआधी विक्रेत्याला विचारा, हे किती माणसांवर तपासलं, कुणाच्या तुलनेत, आणि कागद कुठे आहे? कागद नसेल तर टेबल उचलायला लावा.

मामूंनी गोळी परत सुरू केली आहे. कलौंजीही खातात, नानवर टाकून. त्याला माझी काही हरकत नाही.