‘खेळू नये’ असा दाखला देण्यापूर्वी

सातवीतल्या एका मुलाला आठ वर्षांपूर्वी मी एक दाखला लिहून दिला होता. ‘सदर विद्यार्थ्याच्या पायावर मोठी शस्त्रक्रिया झाली असल्याने त्यास खेळ व शारीरिक शिक्षणाच्या तासातून कायमची सूट देण्यात यावी,’ एवढाच मजकूर, खाली सही आणि शिक्का. वडिलांनी हात जोडले, शाळेने कागद फाईलला लावला आणि माझ्यापुरता विषय संपला. आपण मुलाचे भलेच केले, अशी माझी समजूत होती.

गेल्या महिन्यात तोच मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. आता तो कॉलेजात आहे. तक्रार अशी की, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. लहानपणी त्याच्या मांडीच्या हाडाला कर्करोग झाला होता. त्यावर दिली जाणारी काही औषधे पुढे हृदयाला त्रास देऊ शकतात, म्हणून छातीचा फोटो आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही व्यवस्थित निघाले. वजन मात्र हवे त्यापेक्षा वीस किलोने जास्त आणि दंडात जोर नाही. दिवसभर काय करतोस, असे विचारले तर उत्तर आईने दिले, “तुम्हीच सांगितलं होतं ना साहेब, खेळू देऊ नका म्हणून. आम्ही त्याला अंगणातसुद्धा खेळू दिलं नाही.”

शाळेत पी. टी.च्या तासाला हा मुलगा इतरांची दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायचा, हेही मला त्या दिवशी कळले. जाताना त्याने मोबाईलवर एक सामना दाखवला. चाकाच्या खुर्चीत बसून टेनिस खेळणारा एक जपानी तरुण होता. “डॉक्टर, ह्याला पण माझाच आजार झाला होता. मग ह्याच्या डॉक्टरांनी ह्याला खेळू कसं दिलं?” असे त्याने विचारले. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आजचा लेख त्या उत्तरासाठी आहे.

त्या तरुणाचे नाव तोकितो ओदा. जन्म २००६ सालचा. लहानपणी त्याला फुटबॉलचे वेड होते. नवव्या वर्षी डाव्या खुब्याजवळ हाडाचा कर्करोग निघाला. ‘ऑस्टिओसार्कोमा’ हे या रोगाचे नाव. वाढत्या वयातील मुलांत तो अधिक दिसतो आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास होतो. पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाचे हाड आठवड्यांमागून आठवडे दुखत असेल, रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, सूज वाढत असेल, तर चोळत बसू नये, एक्स-रे काढावा. आमच्या या मुलाचे दोन महिने तेल चोळण्यात गेले होते.

शस्त्रक्रिया व औषधोपचारानंतर ओदा बरा झाला, पण पूर्वीसारखे धावणे संपले. त्याच सुमारास २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमधील शिंगो कुनिएदा याचा खेळ त्याने चित्रफितीवर पाहिला. कुनिएदालाही नवव्या वर्षीच पाठीच्या कण्यात गाठ झाली होती आणि अकराव्या वर्षापासून तो खुर्चीवरून टेनिस खेळत होता. ओदाने दहाव्या वर्षी रॅकेट हाती घेतली. जून २०२३ मध्ये, वय वर्षे सतरा असताना, त्याने पॅरिसची फ्रेंच ओपन स्पर्धा जिंकली. व्हीलचेअर टेनिसच्या पुरुष एकेरीत इतक्या लहान वयात ग्रँड स्लॅम विजेतेपद त्यापूर्वी कोणी मिळवले नव्हते. पुढच्याच वर्षी पॅरिस पॅरालिंपिकच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या आल्फी ह्युइटविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये तो ३-५ असा मागे होता. एक गुण गेला असता तर सुवर्णपदक गेले असते. तेथून त्याने सामना ६-२, ४-६, ७-५ असा फिरवला.

ह्युइटची हकिगतही आपल्या विषयाला धरून आहे. त्याला ‘पर्थीस’ नावाचा खुब्याचा विकार आहे. यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा लहानपणीच खंडित होतो आणि पुढे खुबा झिजतो. असा माणूस थोडेफार चालू शकतो. ओदाही पूर्ण पांगळा नाही. म्हणजे दोघेही खुर्चीचा उपयोग खेळासाठी करतात. आपल्याकडे मात्र व्हीलचेअर म्हटले की घरात रडारड सुरू होते. खुर्ची आली म्हणजे सगळे संपले, असा आपला समज. चष्मा लावला म्हणून कोणी आंधळा ठरत नाही. खुर्चीकडेही तसेच पाहिले पाहिजे.

हा खेळ सुरू झाला १९७६ साली, अमेरिकेत. स्कीइंग करताना पाठीच्या कण्याला इजा झालेल्या ब्रॅड पार्क्स या तरुणाने तो रुजवला. मैदान तेच, जाळी तीच, चेंडू तोच. फरक फक्त एका नियमात. चेंडू दोन टप्पे पडेपर्यंत मारण्याची मुभा असते. पहिला टप्पा मात्र रेषेच्या आतच हवा. खेळाची खुर्ची वजनाला हलकी असते, तिची चाके खाली फाकलेली असतात म्हणून ती झटकन वळते, आणि मागे उलटू नये म्हणून पाठीमागे एक छोटे चाक असते. एका हातात रॅकेट धरून त्याच हाताने चाकही ढकलायचे असते. दंड, खांदे, पाठ आणि पोट यांचे स्नायू त्यात कसाला लागतात, छातीचा भाता भरतो आणि नजर तल्लख राहते.

आता शरीराचे गणित पाहू. पाय अधू झाला तरी हृदय, फुप्फुसे आणि हात यांना व्यायामाची गरज उरतेच. किंबहुना ती वाढते, कारण चालण्यातून सहज होणारा व्यायाम बंद झालेला असतो. बसून राहिल्याने वजन वाढते, वजनाने कुबड्या जड होतात, कुबड्या जड झाल्या की मूल आणखी बसते. असे हे रहाटगाडगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पाच ते सतरा वर्षांच्या अपंग मुलांनाही इतर मुलांइतकाच, म्हणजे दिवसाला सरासरी साठ मिनिटे, दमवणारा व्यायाम सांगितला आहे.

काळजी घ्यायला हवी, यात शंका नाही. कृत्रिम सांधा बसवलेल्या मुलाने धावू नये, उड्या मारू नयेत. सांधा सैल होण्याची भीती असते. माझ्या दाखल्यातला तेवढा भाग बरोबरच होता. कर्करोगाची औषधे घेतलेल्या मुलाचे हृदय तपासूनच त्याला मैदानात उतरवावे. पाठीच्या कण्याला इजा असेल तर कमरेखाली संवेदना नसते, म्हणून रोज आरशात बघून कातडीवर लाल डाग नाहीत ना, हे पाहावे आणि बसायला चांगली गादी वापरावी. इजा मानेजवळ असेल तर घाम नीट येत नाही; आपल्याकडच्या उन्हात अशांनी सकाळी लवकरच खेळावे. खांदे दुखू लागले तर विश्रांती घ्यावी. पण ही सारी पथ्ये जपून खेळण्याची आहेत.

“परदेशात ठीक आहे हो, आपल्याकडे कुठे जमणार?” असे वाचक म्हणतील. त्यांना मी सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांची आठवण देतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या शरीराचा खालचा भाग निकामी झाला. लष्करात ते मुष्टियोद्धे होते. पुढे त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा कोणत्या सोयी होत्या?

खेळाची खुर्ची महाग असते, हे मान्य. शिबिरात मिळणारी जड खुर्ची टेनिसच्या कामाची नाही, हेही खरे. पण सुरुवात टेनिसनेच करावी असे कुठे आहे? बसून बॅडमिंटन खेळता येते, टेबल टेनिस खेळता येते, गोळा आणि थाळी फेकता येते, पोहता येते. शाळेच्या मैदानाला एक उतरंड बांधली तर खुर्ची आत जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा व्यक्तींना खेळात सहभाग मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. पालकांनी शाळेत जाऊन हे ठामपणे मागावे.

आणि आम्हा डॉक्टरांनी? आम्ही दाखला लिहिण्याची रीत बदलावी. मुलाने काय करू नये हे एका ओळीत लिहावे आणि त्याला काय करता येईल हे चार ओळींत. काही काळाने मूल पुन्हा तपासून दाखला नव्याने द्यावा. ‘कायमची’ हा शब्द तर लिहूच नये.

त्या मुलाला मी नवा कागद लिहून दिला आहे. धावणे, उड्या वर्ज्य. रोज दंडाचे व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस पोहणे, बसून बॅडमिंटन. दर तीन महिन्यांनी तपासणी. आठ वर्षे परत देता येणार नाहीत, हे मी त्याच्या आईला सांगितले आणि माझी चूक कबूल केली. परवा तो वजन करायला आला होता. दीड किलो उतरले आहे. बॅडमिंटनसाठी जोडीदार मिळत नाही, एवढी एकच तक्रार होती. ती दूर करणे माझ्या औषधात नाही. ते तुमच्या गल्लीतल्या, तुमच्या घरातल्या मुलांच्या हाती आहे.