बिलगावचे पंधरा किलोवॅट

खानदेशात वीज म्हटली की दीपनगरच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. बिलगाव कोणाला आठवते?

धडगाव तालुक्यातले, 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले हे आदिवासी गाव. 2003 मध्ये त्याने उदई नदीच्या धबधब्यावर स्वतःची वीज तयार केली. तंत्रज्ञ केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे, साथ नर्मदा आंदोलनाची, घाम गावकऱ्यांचा. पाणी वळवायचे, पाइपातून खाली सोडायचे, टर्बाइन फिरवायचे. ना कोळसा, ना धूर. क्षमता 15 किलोवॅट, म्हणजे पूर्ण भाराने चालले तर दिवसाला 360 युनिट. शहरातले एखादे मंगल कार्यालय यावर नाक मुरडेल, पण पाड्यांवरच्या सुमारे 180 घरांत त्यावर दिवे लागले. ‘स्वदेस’ चित्रपटामागची प्रेरणा म्हणूनही बिलगावचे नाव घेतले जाते.

2006 च्या पुरात, सरदार सरोवराच्या फुगवट्यात, हे सारे बुडाले. त्या 1,450 मेगावॅटच्या प्रकल्पातल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. बिलगावचे विझलेले दिवे मात्र कोणत्याच हिशेबात नाहीत.

सातपुड्यात असे ओढे आणखी आहेत. राज्य सरकारच्या ‘महाऊर्जा’ या संस्थेने त्यांची पाहणी करावी आणि यंत्रघराची किल्ली गावाच्याच हाती द्यावी.