वीस की दोनशे?

गणिताच्या तासाला 'याचा पुढे काय उपयोग?' असं मनात येतं ना? माझ्याही यायचं. पण सातवीच्या मे महिन्याच्या सुटीत एका साध्या गुणोत्तरानं मला चांगलाच हिसका दाखवला!

मामाचं गाव देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. मामानं वल्ह्याच्या होडीला नुकतंच एक जुनं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं होतं. निघायच्या घाईत तो दादाला म्हणाला, "दहा लिटर पेट्रोल आहे. पन्नासास एक तेल घाल." दादानं माझ्याकडे पाहिलं. गणितात पहिला मीच ना! मी ऐटीत सांगितलं, "१००० भागिले ५०. वीस मिलिलिटर!"

भागाकार बरोबर होता, पण तो एका लिटरचा. दहा लिटरला हवं होतं २०० मिलिलिटर!

खाडीच्या मुखाशी इंजिन आधी कण्हलं आणि मग खट्कन बंद पडलं. दोरी ओढली तर हलेचना. त्यात ओहोटी लागलेली. होडी समुद्राकडे ओढली जाऊ लागली. मामानं आधी नांगर टाकला, मग विचारलं, "तेल किती घातलंस रे?" दादा गप्प. मी मान खाली घालून म्हटलं, "वीस. मीच सांगितलं." मामा क्षणभर थांबला. "खरं बोललास, बरं झालं. पण मीही बघायला हवं होतं." तासाभरानं दुसऱ्या होडीनं आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं. पिस्टन मात्र बदलावा लागला.

असं का झालं? मोटारीच्या इंजिनात वंगणाचं तेल वेगळं, तळाशी साठवलेलं असतं. अशा टू-स्ट्रोक इंजिनात तशी सोय नसते. पेट्रोलबरोबर आत जाणारं तेलच पिस्टनला वंगण देतं. तेल कमी पडलं, की धातूवर धातू घासतो, तापून फुगतो आणि जाम होतो. मग जास्तच घातलं तर? तेही नको! धूर होतो, प्लगवर काजळी धरते आणि इंजिन धड चालत नाही.

प्रत्येक इंजिनाचं प्रमाण वेगळं. कुणाला ५०:१, तर काही जुन्या इंजिनांना २५:१. ते इंजिनाच्या पुस्तिकेत बघायचं. तेलही होडीच्या इंजिनासाठीचं, टू-स्ट्रोकचंच हवं. डब्यात आधी थोडं पेट्रोल, मग मापून घेतलेलं सगळं तेल घालायचं. झाकण लावून नीट हलवायचं आणि मग उरलेलं पेट्रोल ओतायचं. हे काम मोकळ्या हवेत, डबा जमिनीवर ठेवून करतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीनं पेट घेते. म्हणून हे काम मोठ्यांचंच बरं का! तुम्ही हिशेब तेवढा करा.

करणार ना? मग सांगा पाहू : प्रमाण २५:१, पेट्रोल १५ लिटर. तेल किती? उत्तर काढा, आईबाबांकडूनही काढून घ्या आणि दोन्ही जुळतात का बघा. मामाकडे आता हाच नियम आहे. हिशेब दोघांनी करायचा, मगच दोरी ओढायची!