भित्र्या कुत्र्याला 'सवय होईल' म्हणून ओढू नका

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. तरीही आज कुत्र्यांविषयी लिहितोय, कारण 'कुत्रा चावला' म्हणून येणाऱ्यांमध्ये घरचाच कुत्रा चावलेले लोकही असतात. मध्यंतरी एक बाई आल्या, अंगठ्याजवळ दोन खोल दात लागलेले. "डॉक्टर, आमचा टायगर कधीच चावत नाही हो!" टायगरला दुसऱ्या कुत्र्यांची भीती वाटते. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "एकदा सोडा त्यांच्यात, आपोआप सवय होईल." बाईंनी पट्टा आखूड धरला आणि त्याला कोपऱ्यावरच्या चार कुत्र्यांकडे ओढत नेलं. तो मागे सरू शकला नाही, पळू शकला नाही. मग जो हात जवळ सापडला, त्याला चावला.

आधी जखमेचं सांगतो. घरचा, लस घेतलेला कुत्रा असला तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस आणि गरज असल्यास इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं का, हे त्यांना ठरवू द्या.

आता माझं मत. 'सवय होईल' हा सल्ला साफ चुकीचा आहे. तुम्हाला पालीची भीती वाटत असेल आणि कोणी पालींनी भरलेल्या खोलीत कोंडलं, तर तुमची भीती जाईल का? उलट ज्याने कोंडलं त्याच्यावरचा विश्वासही जाईल.

भीती कशी कमी होते हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. 1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा पिंजऱ्यात, तो घाबरणार नाही इतका लांब ठेवायचा. मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. कुत्र्याच्या बाबतीत आजही हेच करतात.

पट्टा सैल ठेवा. गळा आवळणारी साखळी नको, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. दुसरा कुत्रा दिसेल पण आपला घाबरणार नाही, इतक्या अंतरावर थांबा. ते अंतर कधी मैदानाच्या दुसऱ्या टोकाएवढंही असतं. दुसरा कुत्रा दिसला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या, दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कुत्रा, मग खाऊ. एरवी खादाड असलेला कुत्रा तुकड्याकडे ढुंकून बघत नसेल, तर तुम्ही फार जवळ आलात. मागे फिरा. असं पाच-दहा मिनिटंच करा, पण रोज. अंतर कमी करायला आठवडे लागतील, महिनेही लागतील.

त्याचं अंग वाचायला शिका. शेपटी पोटाखाली जाणं, कान मागे पडणं, झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, एकदम ताठ उभं राहणं. गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मार देऊन बंद केलीत, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. आणि घाबरलेल्याला जवळ घेतलं की भीती वाढते असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. खुशाल पाठीवरून हात फिरवा.

आपल्याकडे मोठी अडचण मोकाट कुत्र्यांची. ती तुमचं अंतर पाळत नाहीत. म्हणून त्यांचे नाके ओळखा, वेळ आणि रस्ता बदला, समोरून आलेच तर न पळता बाजूच्या फाटकात शिरा. ओळखीत एखादा शांत, वयस्कर कुत्रा असेल तर दोघांना रस्त्याच्या दोन बाजूंनी एकाच दिशेने चालवा. समोरासमोर भेट घडवायची घाई नको.

आधी पशुवैद्यांना दाखवाच. कान किंवा सांधे दुखत असतील तर कुत्रा कोणालाच जवळ येऊ देत नाही. भीती फार असेल तर ते औषधही देतात. घरातली माणसांची गोळी मात्र कधीच देऊ नका. पिल्लू असेल तर लसीकरणाविषयी विचारून लवकर सुरुवात करा, कारण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत जे दिसतं ते कुत्र्याला सहज आपलंसं वाटतं. मोठ्या कुत्र्याला वेळ लागतो, आणि काहींना मित्र कधीच नको असतात. तेही चालेल.

त्या बाई सातव्या दिवशीच्या इंजेक्शनला आल्या, तेव्हा टायगर बरा झाला का असं मी विचारलं. "कुठलं हो," त्या म्हणाल्या. "पण आता पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानाकडे नेते. काल लांबून एक कुत्रा दिसला, तर यानं माझ्या खिशाकडे बघितलं."