तीस टक्क्यांचा नियम आणि पुढे सरकणारी तारीख

५ नोव्हेंबर २०२० रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, या संस्थेने एक नियम जाहीर केला. यूपीआयवरून देशभर होणाऱ्या एकूण व्यवहारांपैकी तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार कोणत्याही एका अ‍ॅपच्या हाती असू नयेत, असा तो नियम. १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. ज्यांचा वाटा आधीच जास्त होता त्यांना तो खाली आणण्यासाठी दोन वर्षे दिली गेली. ती दोन वर्षे संपत आली तेव्हा, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढली. आणि नेमक्या ३१ डिसेंबर २०२४ या दिवशी ती आणखी दोन वर्षे पुढे ढकलून ३१ डिसेंबर २०२६ करण्यात आली.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. आमच्याकडे कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादित ठरते आणि खातेदाराला नोटीस जाते. त्याच्या घरी आजारपण होते की दुकान बंद होते, हे संगणक विचारीत नाही. मग सहा वर्षांची सवलत ज्यांना मिळाली ते कोण, असा प्रश्न आमच्यासारख्याला पडला तर तो गैर मानू नये.

ते दोघे आहेत. २०२४ च्या अखेरीस यूपीआयच्या शंभर व्यवहारांपैकी सुमारे ४८ फोनपेवरून आणि सुमारे ३७ गूगल पेवरून होत होते. तिसरा पेटीएम, तो सात टक्क्यांच्या आसपास. एनपीसीआयने स्वतः काढलेले भीम, जे ३० डिसेंबर २०१६ रोजी खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले, त्याचा वाटा एक टक्काही नव्हता. फोनपेची बहुतांश मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे, आणि गूगल पे कुणाचे हे सांगायला नको.

आपल्या मंडळींपैकी अनेकांचा असा समज आहे की पैसे फोनपेत किंवा गूगल पेत असतात. तसे नाही. पैसे आपल्या बँकेच्या बचत खात्यातच असतात. आपण दुकानदाराचा क्यूआर कोड टिपतो, पिन घालतो, तो निरोप एनपीसीआयच्या यंत्रणेतून आपल्या बँकेत जातो, बँक खात्यातून रक्कम वजा करते आणि समोरच्याच्या बँकेत जमा होते. अ‍ॅप फक्त निरोप पोहोचवते. पैसा बँकेत, रस्ता एनपीसीआयचा, आणि दार मात्र तिसऱ्याचे, अशी ही रचना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात या रस्त्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतक्या वर्दळीच्या रस्त्याला दोनच दारे असावीत काय, हा खरा प्रश्न आहे.

यात धोका काय, असे कुणी विचारील. धोका एकदा दिसून गेलेला आहे, पण लोक विसरले. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. त्या वेळी फोनपेचे यूपीआयचे काम एकट्या येस बँकेच्या आधाराने चालत होते. परिणाम असा की ज्यांचे खाते स्टेट बँकेत होते, ज्यांचा येस बँकेशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचेही फोनपे सुमारे दिवसभर बंद पडले. दुसरी बँक जोडून कंपनीने ते पुन्हा सुरू केले, हे मान्यच. त्यानंतर तिने एकाहून अधिक बँका जोडून ठेवल्या, हेही मान्य. पण तो यूपीआयच्या बाल्यावस्थेचा काळ होता. त्या मार्चमध्ये देशात महिन्याला सव्वाशे कोटींच्या आसपास व्यवहार होत होते. आज जवळजवळ निम्मे व्यवहार वाहणारे दार एक दिवस बंद राहिले तर भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत काय होईल, याची कल्पना करावी. पूर्वी खिशात चार नोटा असत. आता अनेकांच्या असत नाहीत.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. व्यवहार अडकला, पैसे कापले गेले आणि समोर पोहोचले नाहीत, की ग्राहक कुठे येतो? आमच्या काउंटरवर. रावपुऱ्यातला दुकानदार असो वा दांडिया बाजारातले पेन्शनर काका, ते पासबुक घेऊन आमच्यासमोर उभे राहतात. कारण अ‍ॅपमध्ये तक्रारीचे बटण असते, माणूस नसतो. माणूस फक्त बँकेत असतो. आम्हाला त्याबद्दल कुरकुर करायची नाही, ते आमचे कामच आहे. परंतु नफ्याची वाट ज्याच्या दारातून जाते त्याच्याकडे काउंटर नाही, आणि ज्याच्याकडे काउंटर आहे त्याला त्या व्यवहारातून मिळकत जवळजवळ नाही, हा हिशेब वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जुळवता येणार नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी ठरेल. या दोन कंपन्यांनी ग्राहक पळवले नाहीत, कमावले. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने तेज या नावाने अ‍ॅप आणले तेव्हा त्यात मराठी होती, गुजराती होती आणि ते वापरायला सोपे होते. त्या काळात अनेक बँकांची अ‍ॅपे उघडायलाच मिनिट लागे. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना अर्धे ग्राहक कंटाळून उठत. आणि बँकांचा गलथानपणा तिथेच थांबला नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये ज्या बँकेची स्थापना केली, त्या आपल्या गावच्या बँक ऑफ बडोदावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या मोबाइल अ‍ॅपवर नवे ग्राहक घेण्यास बंदी घातली. ग्राहक जोडण्याच्या पद्धतीतच दोष आढळले होते. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. बडोदेकर म्हणून आम्हाला त्याचे वाईट वाटले, पण बंदी योग्य होती.

आणि इथेच आमचा मुद्दा आहे. बँक चुकली की रिझर्व्ह बँक दंडुका उचलते. डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना थांबवायला सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेणे थांबवण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी सुमारे सहा आठवड्यांचाच वेळ मिळाला. तिथे लाखो ग्राहकांची गैरसोय होईल म्हणून नियम बाजूला ठेवला गेला नाही. मग तीस टक्क्यांच्या नियमालाच ग्राहकांच्या गैरसोयीचे कारण दर वेळी कसे आडवे येते? रिझर्व्ह बँक ही नियामक आहे आणि एनपीसीआय ही बँकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ना-नफा कंपनी आहे, हा फरक आम्हाला ठाऊक आहे. पण सामान्य माणसाला दिसते ते इतकेच की लहानाला नियम आणि मोठ्याला मुदतवाढ.

मुळात हे दोघेच एवढे मोठे का झाले, याचे उत्तर त्यांच्या हुशारीत जितके आहे तितकेच सरकारच्या धोरणात आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून कोणतेही शुल्क घेता येत नाही. ग्राहकाला हे फुकट वाटते. फुकट मात्र काहीच नसते. संगणक, वीज, माणसे, फसवणूक रोखण्याची व्यवस्था, या सगळ्याचा खर्च कुणीतरी करतोच. सरकार प्रोत्साहन म्हणून काही रक्कम देते. २०२४-२५ या वर्षासाठी दोन हजार रुपयांपर्यंतच्या, लहान दुकानदारांच्या व्यवहारांसाठी दीड हजार कोटींची योजना मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजूर केली. परंतु ही रक्कम दर वर्षीच्या मंजुरीवर अवलंबून. अशा धंद्यात उतरायला कोण धजेल? ज्याच्यामागे परदेशी भांडवल आहे आणि जो वर्षानुवर्षे तोटा सोसून गर्दी जमवू शकतो, तोच. लहान कंपनी किंवा आपल्यासारख्या गावातली सहकारी बँक त्यात कशाला पडेल? म्हणजे एका हाताने सरकारने उत्पन्न काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने स्पर्धा वाढावी म्हणून मर्यादा घातली. शेताला पाणी तोडायचे आणि पीक का येत नाही म्हणून विचारायचे, त्यातला हा प्रकार.

गर्दी जमली की वसुली कशी सुरू होते, तेही दिसू लागले आहे. मोबाइल रिचार्जवर २०२१ मध्ये फोनपेने आणि २०२३ मध्ये गूगल पेने एक-दोन-तीन रुपयांचे शुल्क घ्यायला सुरुवात केली. रक्कम क्षुल्लक आहे आणि धंदा म्हटला की शुल्क येणारच, त्यात गुन्हा नाही. पण दारे दोनच असली की शुल्क किती असावे हे ठरवताना ग्राहकाला विचारावे लागत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्या बडोद्याला हा विषय परका नाही. १८८९ मध्ये याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहाय्यकारी मंडळी उभी राहिली. सहकारी पतपेढीची देशातली ती पहिली संस्था मानली जाते, आणि ती उभारणारी माणसे आपली होती. सावकाराच्या एकाच दाराशी सगळ्यांना जावे लागू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढचा इतिहास बडोदेकरांना सांगायला नको. संस्था आपली असली म्हणजे ती आपोआप चांगली चालते असे नाही, तिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवावी लागते. पण मूळ विचार चुकीचा नव्हता. देवघेवीचे दार एकाच्या हाती राहू नये, हे आपल्या पूर्वजांना तेव्हा कळले होते.

मग करावे काय? मर्यादेची तारीख उजाडली की एका रात्रीत कोट्यवधी लोकांचे अ‍ॅप अडवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्यात नुकसान सामान्यांचेच होईल. पण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तारीख वाढवूनही प्रश्न सुटणार नाही. दर सहामाहीला वाटा किती टक्क्यांनी खाली आला पाहिजे याचे वेळापत्रक हवे, आणि ते पाळले की नाही हे जाहीर झाले पाहिजे. आम्ही कर्जदाराला हप्ते बांधून देतो, तसेच. दुसरे, मोठ्या व्यापाऱ्यांच्या मोठ्या व्यवहारांवर अल्प शुल्क घेऊ द्यावे. जून २०२५ मध्ये अशी चर्चा उठली तेव्हा अर्थमंत्रालयाने ती तातडीने फेटाळली. भाजीवाला, चहावाला, किराणा दुकान यांना शुल्क लागू नयेच. परंतु वातानुकूलित मॉलमध्ये लाखाची खरेदी करणाऱ्या व्यवहाराचा खर्च करदात्याने का उचलावा? ते उत्पन्न बँकांना मिळाले तर त्यांना आपली अ‍ॅपे सुधारायला सबब उरणार नाही. तिसरे, बँकांनी ग्राहक गेला म्हणून रडत न बसता आपली अ‍ॅपे मराठीत, गुजरातीत आणि मोठ्या अक्षरांत द्यावीत.

राहता राहिलो आपण. आपल्या हातीही थोडे आहे. घरातल्या प्रत्येक मोबाइलवर एकाऐवजी दोन अ‍ॅपे असावीत, त्यातले एक आपल्या बँकेचे किंवा भीम असावे. भीम मराठीतही चालते. घरातल्या ज्येष्ठांना ते वापरायला मुलांनी शिकवावे. एक बंद पडले तर दुसरे हाताशी राहील, आणि अडचण आली तर विचारायला शाखा राहील. शिवाय हक्क माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले आणि पोहोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत आले पाहिजेत. दुकानदाराला केलेल्या व्यवहारासाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. ती मिळाली नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. आमच्या काउंटरवर ही भरपाई मागणारे फार थोडे येतात. वाद नको म्हणून लोक शंभर-दोनशे रुपये सोडून देतात.

सोडून देण्याची ही सवयच मोठ्यांच्या पथ्यावर पडते. ग्राहक हक्क सोडतो, नियामक तारीख सोडतो आणि दोन दारांपुढची रांग वाढत जाते. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला रस्ते आणि पाणी याबरोबर या रस्त्याबद्दलही विचारायला हवे. तो डांबराचा नाही, म्हणून तो सार्वजनिक नाही असे होत नाही.