समोर कोण होतं?

२४ डिसेंबर २०२५ रोजी रांचीत विजय हजारे करंडकाच्या सामन्यात बिहारने ५० षटकांत ६ बाद ५७४ धावा केल्या. चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने ८४ चेंडूंत १९० धावा कुटल्या, कर्णधार साकिबुल गनीने ३२ चेंडूंत शतक पूर्ण केलं. त्या दर्जाच्या एकदिवसीय सामन्यात जगात कुठेही, कुठल्याही संघाने एवढ्या धावा केलेल्या नव्हत्या. आमच्या कुणकेश्वरात तेव्हा कलमांवर मोहोर होता नि बागेत फवारणी चालली होती. पंपावरचा पोरगा धावत आला. "काका, बिहारान पाचशे चौऱ्याहत्तर मारल्यानी!"

"कोणावर?" मी विचारलं.

"ता काय म्हायत नाय."

त्याला माहीत नव्हतं यात त्याचा दोष नाही. मोबाईलवरच्या बातमीत सूर्यवंशीचा फोटो होता, षटकारांची संख्या होती, मोडलेल्या विक्रमांची यादी होती. समोरच्या संघाचं नाव पार खाली, एका ओळीत आलं होतं. तो संघ होता अरुणाचल प्रदेश. सामना ३९७ धावांनी हरलेला.

हे नाव वाचलं आणि मी मागचे विक्रम तपासायला बसलो. बिहारने मोडलेला विक्रम तमिळनाडूचा होता. नोव्हेंबर २०२२मध्ये २ बाद ५०६, त्यात एकट्या जगदीशनच्या २७७. समोर अरुणाचल. जानेवारी २०२४मध्ये हैदराबादच्या तन्मय अगरवालने १४७ चेंडूंत त्रिशतक केलं, प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं सर्वांत वेगवान. त्याच्या ३६६ धावांत २६ षटकार होते. समोर अरुणाचल. नोव्हेंबर २०२४मध्ये पर्वरीला गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी तिसऱ्या विकेटसाठी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली, रणजीतली सर्वांत मोठी. समोर अरुणाचल. नोव्हेंबर २०२५मध्ये सुरतेला मेघालयाच्या आकाश चौधरीने सलग आठ षटकार मारून ११ चेंडूंत अर्धशतक गाठलं, तेही प्रथम श्रेणीतलं जगातलं सर्वांत जलद. समोर पुन्हा अरुणाचल. महिलांचं क्रिकेटही वेगळं नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या किरण नवगिरेने २०२२मध्ये नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीत नाबाद १६२ केल्या, तेव्हाही समोर अरुणाचलच्याच मुली होत्या.

अलीकडच्या हंगामांतली सगळ्यात थक्क करणारी आकडेवारी मला विचाराल तर ती ही आहे. ५७४ किंवा ६०६ हे आकडे त्या मानाने साधे. इतक्या वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या मैदानांवर, वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या विक्रमांच्या पानावर दुसरं नाव मात्र एकच आहे, आणि त्याबद्दल कोणी काही लिहीत नाही.

मी आंब्याचा बागायतदार, पण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमच्या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तिथे स्कोअरर म्हणून टेबलावर बसतो. देवगड, मिठमुंबरी, जामसंडे, कधी कणकवलीपर्यंत. स्कोअरबुकाच्या पानाला दोन बाजू असतात. वर फलंदाज, खाली गोलंदाज. डाव संपला की वरच्या धावांची बेरीज अवांतर धावांसह करायची, खाली गोलंदाजांनी दिलेल्या धावा नि बाइज, लेगबाइज मिळवायच्या. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय पान पुरं होत नाही. एक धाव जरी वर जास्त दिसली तरी पुन्हा चेंडू न् चेंडू तपासायचा. वर ६०६ असतील तर खाली कोणाच्या तरी नावावर त्या मांडलेल्या असणारच. वर्तमानपत्रं पानाचा वरचा अर्धा भाग छापतात आणि त्यालाच सामना म्हणतात. आकाश चौधरीने ज्याला एका षटकात सहा षटकार मारले त्या गोलंदाजाचं नाव लिमार डाबी. रवी शास्त्रीने १९८५मध्ये वानखेडेवर सहा षटकार मारले ते बडोद्याच्या तिलक राजला, हे चाळीस वर्षांनीही आमच्या नाक्यावरचा कोणीही सांगेल. डाबीचं नाव दुसऱ्या दिवशीसुद्धा कोणाच्या तोंडी नव्हतं.

खालची बाजू वाचली की वरच्या आकड्याचं वजन कळतं. बखले-कवठणकरांच्या आधी रणजीतल्या भागीदारीचा विक्रम महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांचा होता, नाबाद ५९४. ऑक्टोबर २०१६, वानखेडे, समोर दिल्ली. महाराष्ट्राने २ बाद ६३५वर डाव सोडला, आणि दिल्लीने उत्तरात ५९० केल्या, त्यात ऋषभ पंतच्या ३०८. सामना अनिर्णित. पर्वरीला काय झालं? अरुणाचल ८४वर बाद, गोवा २ बाद ७२७, अरुणाचल पुन्हा ९२. एक डाव ५५१ धावांनी खेळ दोन दिवसांत आटोपला. ५९४ आणि ६०६ यांत फरक बारा धावांचा, सामन्यांत जमीन-अस्मानाचा. बळींचंही तसंच. बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९च्या हंगामात ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा ६४चा जुना विक्रम मोडला, पण ते प्लेट गटात, नवख्या संघांपुढे. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५मध्ये ६९ घेतले ते एलिट गटात, आणि विदर्भाला रणजी करंडक जिंकून देताना. यादीत एकाखाली एक दिसणाऱ्या या दोन आकड्यांना मी एका तराजूत घालणार नाही.

यावरून फलंदाजांना कमी लेखू नये. ६०६ धावा करायला दोघांनी मिळून ४४८ चेंडू एकाग्र राहून खेळावे लागले. मैदानात उतरलेल्या माणसाने समोरचा चेंडू खेळायचा असतो, प्रतिस्पर्धी निवडायचा नसतो. भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण मराठी वाचकाला पाठ आहे. डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ला मागे टाकायला दहा धावा हव्या होत्या, आणि काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला. भाऊसाहेबांचा घास गेला याची हळहळ मलाही वाटते. पण त्या दिवशी ४ बाद ८२६ धावांच्या मागे धावून दमलेली अकरा माणसंही त्याच मैदानावर उभी होती. कोल्हापूरच्या या थोर फलंदाजाला कसोटी कधीच मिळाली नाही, हा अन्याय वेगळा, त्याचा हिशोब काठियावाडशी नाही.

अशा निकालांनंतर काही जाणकार म्हणतात, या संघांना काढून टाका, स्पर्धेचा दर्जा घसरतो. हे मला अजिबात मान्य नाही. जम्मू-काश्मीर १९५९-६० पासून रणजी खेळतंय. पहिला विजय मिळायला त्यांना वीस वर्षांहून जास्त लागली. तोवर कोणी हाच सल्ला ऐकला असता तर जानेवारी २०२५मध्ये मुंबईत बीकेसीच्या मैदानावर जे झालं ते झालंच नसतं. रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर असलेल्या, ४२ वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला काश्मीरने पहिल्या डावात १२०वर गुंडाळलं आणि पाच गडी राखून हरवलं. केरळला पहिली अंतिम फेरी त्याच हंगामात दिसली. वाट कशी, तर उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या डावात एका धावेची आघाडी, उपांत्य फेरीत दोन धावांची. ४५७ विरुद्ध ४५५. गुजरातचा शेवटचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. माझ्यासाठी त्या हंगामातला सगळ्यात मोठा आकडा हा दोनाचा आहे, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना तुल्यबळ माणसं होती.

अरुणाचलला २०१८-१९मध्ये प्रवेश मिळाला. त्या वर्षी नऊ संघ नव्याने आले आणि एकूण संघ ३७ झाले. त्या नऊ जणांत बिहार होता, मेघालयही होतं. म्हणजे ५७४ करणारा, सलग आठ षटकार मारणारा आणि ते खाणारा, तिघेही एकाच वर्गात एकाच दिवशी बसलेले. बिहारला जुनी परंपरा होती, मोठी लोकसंख्या होती. अरुणाचलकडे डोंगर नि पाऊस.

डोंगर आणि पाऊस म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडेही सपाट जागा म्हणजे सडा किंवा पुळण. चार महिने मैदान पाण्यात. पोराला लेदर बॉल खेळायचा तर जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत, सगळी चाचणी लांब पुण्याच्या दिशेने. आमच्या एका स्पर्धेत दरवर्षी एका वाडीचा संघ यायचा. चाकरमानी गावात नसले की शाळेतली पोरं घेऊन. बाहेरचे खेळाडू आणलेले संघ त्यांच्यावर षटकारांचा पाऊस पाडायचे नि प्रेक्षक शिट्ट्या वाजवायचे. आयोजकांतल्या एका जाणत्याने आक्षेप घेतला आणि पुढच्या वर्षापासून लहान वाड्यांची गटफेरी वेगळी केली. जिंकेल तो मोठ्यांच्या फेरीत. त्या पोरांना तीन-चार सामने तरी हातात मिळू लागले, गोलंदाजाला चौथ्या षटकात काय टाकायचं याचा विचार करायला सवड मिळाली. आज त्यांच्यातला एक डावखुरा तालुक्यात कोणालाही सहज मारू देत नाही.

क्रिकेट मंडळाकडे पैशाची वाण नाही. ईशान्येच्या त्या सहा नव्या राज्यांची रणजीआधी आपापसात दीर्घ सामन्यांची स्पर्धा घ्यावी. गोलंदाजीचे प्रशिक्षक हंगामापुरते न पाठवता वर्षभर तिथे राहतील अशी सोय करावी. मेघालय-अरुणाचल सामना सुरतेला होतो, तो त्या डोंगरांतल्या मुलांना बघता येईल असा त्यांच्या भागात व्हावा, त्यासाठी पावसाने वाहून न जाणारी खेळपट्टी आणि मैदान बांधून द्यावं. आणि वर्तमानपत्रांनी पुढचा विक्रम छापताना धावफलकाचा खालचा अर्धा भागही छापावा, गोलंदाजांच्या नावांसकट, षटकं, धावा, बळी, पूर्ण.